मायेतला धागा

माझी ताई रफूचं काम करते, आणि ते इतकं सुंदर करते की मला तिचा अभिमान आणि राग दोन्ही एकाच वेळी वाटत आलेला आहे. अभिमान का, ते सांगायला नको. राग अशासाठी की चांगलं जमलेलं रफू दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याबद्दल जग कुणालाही शाबासकी देत नाही. शिंप्याचं नाव होतं, भरतकाम करणारीचं होतं; रफू करणारीला मात्र आपण तिथे कधी नव्हतोच, हे पटवून द्यायचे कष्ट घ्यावे लागतात. ताईला याचं काही वाटत नाही. गिऱ्हाईक कपडा न्यायला आलं की ती तो टेबलावर पसरते, हात मागे बांधून उभी राहते आणि हळूच विचारते, "कुठे होतं, दाखवा बरं?" गिऱ्हाईक वाकून बघतं, बोट फिरवतं, कपडा खिडकीकडे धरतं, आणि शेवटी हसून हार मानतं. तिची मिजास म्हणा, हौस म्हणा, ती एवढीच.

आमची जागा दोन खोल्यांची. पुढच्या खोलीत उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीपाशी तिचं टेबल, त्यावर कापड ताणून धरायच्या लाकडी रिंगा, केसासारख्या सुया आणि एक जड भिंग. कपडा हातात आला की ती आधी तो उलटा करते. अंगरखा असो की शाल, सरळ बाजू ती शेवटी बघते. "सरळ बाजू माणसांना दाखवायला असते," ती म्हणते, "काय झालंय ते उलट्या बाजूला कळतं."

आणि तिचा एकच कडक नियम आहे. धागा त्याच कपड्यातला हवा. बाजारातून कितीही जुळता धागा आणला तरी दोन धुण्यांत तो वेगळा पडतो. कापडाला परकं कोण ते समजतं. म्हणून ती शिवणीच्या आत जी जास्तीची पट्टी सोडलेली असते, जिला शिवणकामात माया म्हणतात, ती उकलते, तिच्यातला एक एक धागा सोडवून घेते आणि त्यानेच भोक विणते. "माया आहे ना आत, मग काळजी नाही," हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं की शाळेत या शब्दाचा दुसरा अर्थ शिकवला तेव्हा मला तो पहिल्याचाच विस्तार वाटला होता. माया फार काढायची नाही, हेही ती सांगते. संपली की शिवण ताण घेत नाही.

आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि ताई तेवीसची. आईच्या पोटात दुखायचं. एक तपासणी झाली, तिचा कागद आला, त्यावर काहीतरी अस्पष्ट असं लिहिलं होतं, आणि तो कागद कुणीही नीट न वाचता डब्यात ठेवला. पुन्हा तपासलं तेव्हा उशीर झालेला होता. मी आज जे काम करते त्याचं मूळ त्या डब्यात आहे. कॉलेज संपल्यावर मी आणि माझ्यासारख्या तिघींनी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत टेबल मांडलं. तिथे बायका आपापले तपासणीचे कागद घेऊन येतात आणि आम्ही ते त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगतो. आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे: तुमचं शरीर, तुमचा कागद. विचारल्याशिवाय काही होऊ देऊ नका. ताई मला "चळवळ" म्हणते. मी घरात शिरले की कपड्यावरून नजर न उचलता म्हणते, "आली आमची चळवळ. आज कुणाशी भांडलीस?"

या वर्षी ताईच्याच पोटात डावीकडे दुखायला लागलं. तिने ते तीन महिने लपवलं, आणि मला कळलं तेव्हा मी तिच्यावर एवढी ओरडले की शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

सोनोग्राफीच्या खोलीत मीही आत जाणार, हे मी आधीच ठणकावून सांगितलं होतं. डॉक्टर मॅडम शांत होत्या, केस पिकलेल्या, बोलण्यात सावध. त्यांनी ताईच्या पोटावर थंडगार जेल लावलं. चार ग्लास पाणी पिऊन आलेली ताई म्हणाली, "मॅडम, दाबा, पण बेताने. नाहीतर तुमची चादर गेली." मॅडम हसल्या आणि मग पडद्याकडे बघताना त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

"डाव्या अंडाशयात गाठ आहे. साडेचार सेंटिमीटर."

"कसली?" मी विचारलं.

"आत जाळीसारखं दिसतंय. बहुधा रक्त साकळलेलं असेल. अशा गाठी आपोआप जिरतात. पण आज खात्रीने सांगता येणार नाही. आईचं तुम्ही सांगितलंत, म्हणून रक्ताची एक तपासणी करून घेऊ आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बघू. मध्येच फार दुखलं, चक्कर आली, तर लगेच यायचं."

"आणि जिरली नाही तर?"

"तर मग आत जाऊन बघावं लागेल. कदाचित काढावं लागेल. तेव्हाचं तेव्हा."

मला त्या "बहुधा"चा संताप आला. दिवसभर मी बायकांना सांगते की अस्पष्ट या शब्दाला घाबरू नका, तो फक्त अजून माहीत नाही एवढंच सांगतो; आणि तोच शब्द माझ्या ताईच्या नावाखाली छापलेला बघून मला तो कागद टराटरा फाडावासा वाटला. रक्ताचा निकाल तीन दिवसांनी आला. तोही ना इकडचा ना तिकडचा, दोन आकड्यांच्या मधोमध.

ताईने मात्र घरी आल्यावर सोनोग्राफीचं ते काळं-करडं चित्र खिडकीपाशी नेलं, आणि उलटं केलं. मागचा कोरा, चकचकीत कागद ती भिंगाखाली बराच वेळ बघत राहिली.

"ताई, तिकडे काही नाहीये."

"वीण सैल आहे," ती म्हणाली. "कुणीतरी घाईत विणलंय. उभे धागे आहेत, आडवे मध्येच सोडून दिलेत." मग माझ्याकडे बघून हसली. "तोंड बघ कसं केलंय. अगं, जाळीसारखं आहे असं मॅडमच म्हणाल्या ना? जाळी हा माझा विषय आहे, तुझा नाही."

मला वाटलं, असं बोलून ती धीर गोळा करते आहे. कुणी जप करतं, कुणी रडतं, हिच्याजवळ तिचं काम होतं. त्या सहा आठवड्यांत मी तिच्याकडे बघून जे शिकले ते मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नव्हतं. मी सकाळ-संध्याकाळ फोनवर गाठींबद्दल वाचत होते आणि अधिकाधिक मूर्ख होत चालले होते. तिने मला एकदाच सांगितलं, "तू वाच. मला सांगू नकोस. मला बेचाळीस दिवस बसायचंय, तुझ्यासारखं उभ्या उभ्या नाही काढता येणार ते." ती वेळेवर जेवायची, वेळेवर झोपायची, दुखण्याची रोज एका वहीत नोंद करायची. दुखलं की सुई टोचून ठेवायची, डोळे मिटायची, दुखणं ओसरलं की पुन्हा त्याच टाक्यावर यायची. एकही टाका चुकलेला मी पाहिला नाही.

दुसऱ्या आठवड्यात व्हायोलिनकाका आले. एका वाद्यवृंदात चाळीस वर्षं वाजवून आता घरी बसलेले, काठीसारखे सरळ गृहस्थ. त्यांच्या काळ्या कोटाला खांद्याखाली, जिथे व्हायोलिन टेकतं तिथे, झिजून भोक पडलं होतं. ताईने कोट उलटा केला, अस्तर उकललं आणि मान हलवली. कोट दोनदा सैल केलेला होता. आत मायाच उरली नव्हती.

"याच ताग्यातलं आणखी काही शिवलेलं आहे?"

"दादाचा कोट आहे," काका म्हणाले. "दोघांचे एकदमच शिवले होते. तो घालत नाही कधी. माझ्याच कपाटात आहे."

"तो घेऊन या."

दुसऱ्या दिवशी दोन्ही कोट शेजारी शेजारी टेबलावर पडले होते, आणि ताई दादांच्या कोटाची कडेची शिवण उकलत होती. माझ्याच्याने राहवेना.

"दादांना विचारलं का?"

"त्यांना कळणारही नाही. आतली माया आहे, कोण बघतं?"

"प्रश्न कळण्याचा नाही, विचारण्याचा आहे. कोट त्यांचा आहे ना?"

"सुरू झाली चळवळ." तिने दाताने धागा तोडला. मग जरा थांबून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "विचारलं की माणूस मोजायला लागतो गं. किती गेलं, किती राहिलं. न विचारता घेतलं की दोघांचंही भागतं."

मी तिच्याशी तासभर वाद घातला. ती विणत राहिली. चौथ्या दिवशी काका आले, बोट फिरवत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्याच सुमारास एका रविवारी सकाळी ती मला म्हणाली, "उभी राहा बघू. हा शर्ट तुला ढगळ होतोय, कडेने आत घेते." तोंडात टाचण्या धरून ती माझ्याभोवती फिरली. डाव्या कुशीपाशी तिचा हात थांबला. तिथे तिने शर्ट बाजूला सारला आणि माझी त्वचा अंगठा आणि बोट यांच्यात धरून हलकेच चोळली. कापड हातात आल्यावर पोत बघण्यासाठी ती करते तसं, डोळे मिटून.

"गुदगुल्या होतात, ताई."

"आपण दोघी एकाच ताग्यातल्या," टाचण्यांच्या आडून ती म्हणाली. "आई म्हणायची. तुझ्यात पण माया किती आहे गं. भरपूर सोडलीय."

मला एकदम भरून आलं. ती असं काही बोलणाऱ्यांतली नाही. मी तिच्या गळ्यात हात टाकले आणि मी काय बोलले तेही मला नीट आठवतं. मी म्हटलं, "तुला काय हवं ते घे." म्हणजे वेळ, मदत, माझा पगार, काहीही. तिने टाचण्या काढल्या, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि शर्ट न घेताच टेबलाकडे गेली. तो शर्ट अजून ढगळच आहे.

पुढच्या आठवड्यापासून मला दुपारी डाव्या कुशीत ओढ लागायला लागली. दुखणं नव्हे. लोकरीच्या स्वेटरचा धागा खिळ्यात अडकावा आणि आपण चालतच राहावं तेव्हा होतं तसं, आतल्या आत, लांबवर काहीतरी सरकणं. साधारण तीनच्या सुमाराला सुरू व्हायचं, चारला थांबायचं. आमच्या टेबलापुढची खुर्ची मोडकी आहे, मी तिला दोष दिला. एका बाईंना त्यांचा कागद समजावून सांगताना मी वाक्याच्या मध्येच थांबले, तेव्हा त्याच मला म्हणाल्या, "बाई, तुम्हाला बरं नाही का?" मी म्हटलं, घरी जरा काळजी आहे. तेही खरंच होतं.

पाचव्या आठवड्यात एके दुपारी वाचनालय लवकर बंद झालं आणि मी सव्वातीनला घरी पोचले. दार लोटलेलंच होतं. ताई खिडकीत माझ्याकडे पाठ करून बसली होती. डाव्या हातात छोटी रिंग, उजव्या हातात सुई. आणि तिचा हात त्या संथ, न थांबणाऱ्या लयीत खाली-वर होत होता. तिला काम करताना मी हजारदा पाहिलं असेल, तरी दारातच थबकून बघत राहावं असं ते होतं. मान किंचित कललेली, खांदे सैल, आणि सारं आयुष्य जणू त्या सुईच्या टोकाशी आलेलं. रिंगेत कापड नव्हतं. रिकाम्या रिंगेतून पलीकडचं टेबल दिसत होतं, आणि टेबलावर ते करडं चित्र, पालथं. मी हाक मारणार तेवढ्यात तिने हात लांब करून धागा ओढून घेतला, आणि मला दाराची चौकट धरावी लागली.

"लवकर आलीस," ती मागे न बघता म्हणाली. "थोडंच राहिलंय. आज उजेड छान आहे."

"काय करतेयस?"

"हात चालू ठेवतेय. बस. नाहीतर चहा ठेव."

मी चहा ठेवला. चहाला उकळी येईपर्यंत कुशीतली ती ओढ दोनदा आली आणि मग थांबली. पुढच्या खोलीत रिंग टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

बेचाळिसाव्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच खोलीत होतो. मॅडमनी डावीकडे यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं, आधीचं चित्र काढून पडद्याशेजारी धरलं. ताई छताकडे बघत होती.

"गाठ नाहीये," मॅडम म्हणाल्या. "गेली. मी म्हटलं होतं ना, अशा गाठी जिरतात." त्यांच्या आवाजात आनंद होता, पण त्या पडद्यापासून दूर होईनात. "एरवी काहीतरी मागे राहतं. थोडा व्रण, थोडं पाणी. इथे काहीच नाही. अगदी नवं असल्यासारखं आहे."

ताईने मान वळवली आणि हळूच विचारलं, "कुठे होतं, दाखवा बरं?"

मॅडमनी बोट पडद्यावर नेलं. ते थोडं डावीकडे सरकलं, थोडं वर, मग हवेतच थांबलं. त्या हसल्या. "खरंच, नाही सांगता येत."

बाहेर आल्यावर मी भर रस्त्यात ताईला मिठी मारून रडले, इतकी की येणारे-जाणारे बघायला लागले. ती माझ्या पाठीवर थोपटत म्हणाली, "अगं, मीच आहे अजून. जरा श्वास घेऊ दे." निघताना मॅडम मला म्हणाल्या होत्या की आईचा आणि ताईचा इतिहास बघता तुम्हीही एकदा तपासून घ्या, घाई काही नाही. मी दिवसभर बायकांना वेळेत तपासणी करा म्हणून सांगते. पंधरा दिवसांनी, सोयीचा वार बघून मी जाऊन आले. ताईला मुद्दामच बरोबर घेतलं नाही.

यंत्र डावीकडे फार वेळ फिरत राहिलं.

"पाणी पुरेसं प्यायलात ना?"

"चार ग्लास."

"उजवं छान आहे. डावीकडचं सापडत नाहीये. आतडी आड येत असतील, बहुधा." मॅडमनी पुन्हा दाबून बघितलं. "कधी काही ऑपरेशन? लहानपणी?"

"नाही."

"बरं. काळजी करू नका. सहा आठवड्यांनी पुन्हा बघू."

कागदावर छापलं होतं: डावं अंडाशय दिसून आलं नाही. असा कागद घेऊन कुणी माझ्याकडे आलं असतं तर मी काय सांगितलं असतं, ते मला पाठ आहे. आतड्यांतल्या वाऱ्यामुळे असं पुष्कळदा होतं. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. हे वाक्य मी वाटेत स्वतःला तीनदा म्हणून दाखवलं.

घरी व्हायोलिनकाका आलेले होते. हातावर एक काळा कोट. "दादाचा," ते ओशाळून सांगत होते. "कपाटातून काढला तर कडेची शिवण सगळी उसवलीय. इतक्या वर्षांत काही झालं नव्हतं हो."

"ठेवून जा," ताई म्हणाली. "बघते काय करता येतं."

ते गेले. ताईच्या गालांवर गेल्या काही दिवसांत रंग परत आला होता. खिडकीच्या उजेडात ती पंचविशीची वाटत होती आणि मला, इतकं सगळं असूनही, तिच्याकडे बघून बरंच वाटलं. मला तिला काहीतरी विचारायचं होतं. प्रश्न जिभेवर आलेला होता. मी सगळ्या गावाला विचारायला शिकवते. पण मी पाकिटातून ते चित्र काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

तिने ते घेतलं. उलटं केलं नाही, भिंगही उचललं नाही. सरळ बाजूच टेबलावर माझ्यासमोर पसरली, कडा तळहाताने सपाट केल्या, हात मागे बांधून उभी राहिली आणि अतिशय मायेने म्हणाली,

"कुठे होतं, दाखव बरं?"

मी वाकले. त्या करड्या चित्रावरून डावीकडे, मग थोडं वर, बोट फिरवत राहिले. काम फार सुरेख होतं. एकही टाका दिसत नव्हता.